सुकलेल्या दळातला जीव

टेंभुर्णीच्या रखमाजी साळव्यांची कौसल्या बी.एस्सी. झाली आणि जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या कामाला लागली. साल शहाऐंशी. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, किती उगवले ते पाहायचं आणि उगवलेले टाकून द्यायचे, एवढंच काम. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली गप्पा मारत. कौसल्या टाकलेले मुगाचे कोंब पुन्हा उचलून न्याहाळत बसे. कोंब वाढतो तशी दाण्याची दोन दळं आक्रसत जातात, कागदासारखी पातळ होतात आणि एक दिवस गळून पडतात. त्यांच्यातलं सगळं कोंबाला जातं, हे पुस्तकात होतं. पण ते भरलेलं घर रिकामं करतं कोण? बाहेरून कुणी येतं, की घरातलंच?

हा प्रश्न काही तिला सोडेना. नव्वद साली तिनं नोकरी सोडली आणि पुण्याला संशोधनाला निघाली. आई लहानपणीच गेलेली. रखमाजी तिला एसटीत बसवायला आले.

"मुगाचं एवढं काय शिकायचं असतंय, माय?"

"तो उगवतो कसा, ते बघायचंय, आबा."

"पेरला की उगवतो," रखमाजी म्हणाले. पण गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज त्यांनी सोडला नाही.

पुण्यात तिच्या मार्गदर्शक देवळे मॅडमनी तिला दळांचे अतिशय पातळ काप करायला शिकवलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. पडद्यावर मुगाची एक पेशी गावाएवढी होऊन उभी राहिली. त्या पेशीत लहान लहान पिशव्या होत्या, आणि पिशव्यांत होते त्याच पेशीचे तुकडे. पेशी स्वतःलाच गुंडाळून पचवत होती. "ह्याला स्वभक्षण म्हणतात," मॅडम म्हणाल्या. कौसल्या पडद्याजवळ सरकली. म्हणजे घर रिकामं करणारं घरातलंच होतं.

पुढं तिनं तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचा, पाठलाग केला. पेशीला ताकद पुरवतात त्या ह्याच. पोत्यातल्या कोरड्या दाण्यात त्या अर्धवट घडलेल्या, निपचित असतात. पाणी पोचलं की काही तासांत जाग्या होतात, त्यांच्या आत घड्या पडत जातात. कंपनीत ज्या पोत्यांना टेकून आपण चहा प्यायचो, त्यांत इतका जीव झोपलेला होता, ह्या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

मग एके दुपारी तिनं गळायला आलेलं दळ तपासायला घेतलं. पेशी जवळजवळ ओस होती. साठवलेलं अन्न संपलेलं, भिंतीलगत पातळसा थर तेवढा उरलेला. तंतुकणिकाही बऱ्याच पचून गेलेल्या. पण त्या थरात मोजक्या शाबूत होत्या, आतल्या घड्यांसकट.

देवळे मॅडमनी छायाचित्र दूर सारलं. "तुझ्या नमुन्यांची अदलाबदल झालीय. हे कोवळ्या दळाचं आहे."

कौसल्याचा चेहरा उतरला, पण तिनं वाद घातला नाही. नवे मूग भिजवले, वाढवले आणि दळं गळायला आल्यावर मॅडमना बोलावून त्यांच्यासमोरच ती खुडली. काप तयार झाले तेव्हा मॅडम स्वतः सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. बराच वेळ त्यांची मान वर झाली नाही.

"चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "पण ह्या का राहिल्या असतील गं?"

"मोडायलासुद्धा ताकद लागत असेल, मॅडम," कौसल्या हळूच म्हणाली. "सगळं कोंबाच्या हवाली होईपर्यंत कुणीतरी कामावर राहायला हवं."

सिद्ध व्हायचं पुष्कळ बाकी होतं, दोघींनाही ते ठाऊक होतं. पण त्या दिवशी पुढचं काम कुणालाच सुचलं नाही.

तिचा निबंध एका छोट्या नियतकालिकात छापून आला. फार कुणी वाचला नाही. शहाण्णव साली ती जालन्यात कॉलेजवर शिकवायला आली, आणि तिथंच रमली.

एकदा रखमाजी दवाखान्याच्या कामानं जालन्याला आले आणि थेट तिच्या वर्गात येऊन उभे राहिले. प्रात्यक्षिक चालू होतं. कांद्याचा पापुद्रा, त्यावर तंतुकणिकांना निळं करणारा हिरवा रंग. मुलींनी म्हाताऱ्याला पहिला मान दिला. कौसल्यानं त्यांना स्टुलावर बसवून भिंग नीट लावून दिलं.

"निळे ठिपके दिसले का, आबा?"

"दिसले. अगं, हे तर चालून राह्यले!"

"जित्त्या आहेत त्या. तुमच्या अंगातबी अशाच आहेत."

"माझ्यात?" रखमाजींनी भिंगावरून डोळा काढून स्वतःच्या सुरकुतलेल्या हाताकडं पाहिलं. "ह्या वयात?"

"बिलकुल. आत्ता, ह्या घडीला."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, देवळात काढावी तशी, आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. तासाची घंटा झाली, मागं मुलींची रांग लागली, तरी ते उठेनात.

"थांबा गं जरा," ते म्हणाले. "अजून बघून झालं न्हाई."