चैतातली मानाची घागर

नागपूर मध्यप्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. अहेरीच्या अलीकडे आमचं गाव, गावामागे देवीचा डोंगर. चैती पुनवेला तिथं जत्रा भरायची. ढोल वाजवत सगळं गाव वर चढायचं आणि सगळ्यांच्या पुढे असायची आमच्या घरची सून, डोक्यावर नाल्याच्या पाण्याची घागर घेऊन. त्या पाण्यानं देवीची आंघोळ. घागर उचलली की वर पोचेपर्यंत सुनेनं तोंड उघडायचं नाही. देवीपुढं घागर उतरवल्यावर तिच्या तोंडून पहिलं जे निघेल, तेच तिचं मागणं. ते देवी ऐकते असं सारा मुलूख मानायचा. वाटेत शब्द निघाला, तर मागणं वाटेतच सांडलं.

तीन वर्षं ती घागर माझ्या डोक्यावर होती आणि तिन्ही वर्षं मी लेकरूच मागितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, कूस काही उजवली नाही. चौथ्या वर्षी सासूनं भरल्या अंगणात सांगून टाकलं, "तुले तीन साल देल्ली घागर. देवीमायनं काई आयकलं नाई. औंदा इले देऊन पाहू."

इले म्हणजे माझ्या धाकट्या जावेला. ती सिंदेवाहीकडची. लग्नाला दोन वर्षं झालेली, तिलाही अजून मूल नव्हतं. धानाचे भारे वाहून तिची मान अशी ताठ झाली होती की डोक्यावर ओझं आहे हे ती विसरूनच जायची. बोलायला गोड. खोटं कशाला बोलू, मी जळले. तिच्या हातचं वरण सासरा मिटक्या मारत खायचा तेव्हाही जळायचे, पण ते चुलीपुरतं होतं, जेवणं झाली की विझायचं. हे तसं नव्हतं. हिचं देवीनं ऐकलं आणि पाळणा आधी हिचा हलला, तर या घरात मला कुत्रं विचारणार नव्हतं.

त्यात आणखी एक काम माझ्या गळ्यात आलं. माथ्याजवळ शंभरेक पावलांचा उघडा काळा खडक आहे. चैतात तो तव्यासारखा तापतो. घागरवाली अनवाणी असते, म्हणून घरच्या दुसऱ्या बाईनं तिच्या पुढे पुढे राहून प्रत्येक पावलाखाली पळसाचं पान टाकत जायचं. माझ्या वेळी सासू टाकायची. आता तिचे गुडघे गेले होते. म्हणजे मान धाकटीचा आणि तिच्या पायाशी वाकायचं थोरलीनं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नाल्यावर घागर उचलायच्या आधी ती मला म्हणाली, "बाई, मले भेव लागून राह्यलं. तुमी समोर राहान ना जी?"

"मी कुठी जातो व," मी म्हटलं.

खडक लागला तशी मी पदराच्या ओटीतली पानं टाकायला लागले. पहिली तीसेक पावलं नीट टाकली. मग सहज मान वर करून पाहिलं. ती शांत चालत होती. काय मागायचं ते ठरवून टाकल्यासारखा चेहरा. माझं डोकं फिरलं. मनात आलं, हिच्या तोंडून एक आई गं निघाली की मिटलं.

मग मी एक पान टाकायचे आणि दोन पावलं गाळायचे. वाकायचे तशीच, पण हात रिकामा. मागच्यांना तिची पाठ दिसायची, खडक कोणाला दिसणार? तिचा पाय उघड्या दगडावर पडला की श्वास आत ओढल्याचा आवाज मला ऐकू यायचा. एकदा घागर हिंदकळली, पाणी तिच्या मानेवरून खाली आलं. ओठातून ब्र नाही. मी तीन पावलं गाळली, मग चार. शेवटी शेवटी तर हात ओटीकडे नेलाच नाही.

वर देवळापुढं सासू आधीच बसली होती. तिला मागच्या गाडीवाटेनं आणलं होतं. धाकटीनं घागर उतरवली. तळपाय लाल, टाचेला हे एवढे फोड. ढोल थांबले. आता ही काय मागते म्हणून सगळे कान देऊन उभे.

तिनं देवीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाई, पानं सरले होते का जी?"

कोणीतरी फिसकन हसलं. सासूनं कपाळावर हात मारून घेतला. "गेलं मागणं वाया. पोट्टीनं देवीपाशी पानं मागतले."

मला हवं होतं ते झालं होतं. पण ती अजून माझ्याकडेच पाहत होती. राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "सरले."

आणि ओटी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट आवळून धरली. निम्मी पानं तिच्यात तशीच होती.