भिंतीत मुरलेला उजेड

आमच्या हॉलच्या भिंती चकचकीत ऑइलपेंटच्या होत्या. ह्यांना डोक्याला खोबरेल चोपडून भिंतीला टेकून पेपर वाचायची सवय. ऑइलपेंटवरचा तेलाचा डाग फडक्याने निघतो, एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं समोरच्या भिंतीत ट्यूबलाइटचं भूत बघत जेवले.

यंदा मी हट्टाने बिनचमकीचा, मॅट रंग आणला. घाईत तो थेट जुन्या चमकीवर लावला, तर वाळल्यावर सालपटासारखा सुटून आला.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" हे म्हणाले.

मग मात्र मी ओढणी कमरेला बांधली आणि पॉलिश पेपरने अख्खी भिंत घासून काढली. त्या करकरीने अंगावर काटा यायचा, केस भुकटीने पांढरे झाले. पण चमक गेली आणि नवा रंग असा बसला, की नखाने खरवडूनही निघेना!

आज दुपारी खिडकीतलं ऊन भिंतीवर आलं आणि तिथेच विसावलं. जुनी भिंत आलेला उजेड तोंडावर फेकायची. ही तो मुरवून घेते. काही माणसं अशी असतात, आपलं बोलणं लगेच परत न फेकता ठेवून घेणारी. त्यांच्याजवळ बसलं की डोळे निवतात.

तेवढ्यात हे अंघोळ करून, डोक्याला खोबरेल चोपडून आले, सवयीने टेकले आणि दचकून उठले. भिंतीवर डोक्याएवढा तेलाचा गोल उमटला होता.

"अगं, आता हा पुसायचा कसा?"

"पुसायचा नाही," मी ऐटीत म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिंतीने तुम्हाला घरातलं मानलंय."