भिंतीवरचा भाव

कपाटाची किंमत मी कारखान्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून घेतली. आतून नव्हे, बाहेरून. रस्त्याकडच्या भिंतीवर, हातभर अक्षरांत: 'तिजोरीचे कपाट, आरशासह. अकरा हजार फक्त. एकच भाव. घासाघीस करू नये.' त्यातला 'फक्त' खास माझा. पेंटर म्हणत होता, जागा पुरत नाही. मी म्हणालो, अक्षरं बारीक कर, पण 'फक्त' पाहिजे.

कारखाना म्हणजे तरी काय, परभणीच्या बाहेर जिंतूर रोडला पत्र्याची एक शेड. लग्नसराईत लोखंडी कपाटं बनवतो. आमच्याकडं भाचीच्या लग्नात मामानं कपाट द्यायचं, दारावर 'मामाकडून सप्रेम भेट' असं रंगवून घ्यायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं मांडवात उभं करायचं. त्यामुळे माझं गिऱ्हाईक बहुतेक मामाच. आणि मामा लोक भाव करायला बसले की उठत नाहीत. चहा होतो, पान होतं, कपाटाला चार वेळा प्रदक्षिणा होते, शेवटी 'तुमचं राहू द्या, माझं राहू द्या' होतं, आणि तरी जाताना आणखी शंभर कमी करून मागतात. मला ह्याचा मनस्वी वैताग. म्हणून भिंत.

पण अकरा हजारच का? कारण मी बी.कॉम. आहे.

झालं असं, की रात्री जेवताना टीव्हीवर बातमी लागली: देशातल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मालाचे भाव उतरले. मी हातातला घास तसाच धरून बायकोला म्हणालो, "ऐकलंस? आता पत्रा उतरणार." माझा हिशेब सरळ होता. पत्रा उतरणारच आहे, तर आपण आधीच उतरावं. बाकीचे कपाटवाले बसतील जुन्या भावात, गिऱ्हाईक आपल्याकडं वळेल. आणि पत्र्याचा साठा तर मुळीच करायचा नाही. पुढं स्वस्त मिळणार असताना आज कोण घेतो?

कारखान्याची खरेदी बायको बघते. ती म्हणाली, "पत्रा उतरल्यावर उतरवा की. आणि लिहायचंच असेल तर फळ्यावर खडूनं लिहा."

"खडूवर लोकांचा विश्वास बसत नाही," मी म्हणालो.

पेंट वाळला आणि पत्रा चढला. जालन्याचा पत्र्याचा व्यापारी रोज सकाळी फोन करायचा, आणि त्याच्या 'हॅलो'वरूनच मला कळायचं, आज पण चढलाय. मग आरसा चढला. कुलूप चढलं. रंगाची पावडर चढली. वेल्डिंगच्या काड्या चढल्या. माझ्या कपाटाच्या आतली हवा तेवढी जुन्या भावात राहिली.

मी एकदा चिडून व्यापाऱ्याला म्हणालो, "अहो, बातम्यांत तर भाव उतरले म्हणून सांगतात!"

"मग शेठ, बातम्यावाल्याकडूनच पत्रा घ्या ना," तो म्हणाला. "मी कुठं अडवलं?"

तेव्हा कुठं मी पेपर काढून ती बातमी नीट वाचली. उतरली होती ती सरासरी. खाद्यतेल, कापड आणि आणखी काय काय उतरलं होतं. धातू चढला होता, आणि तसं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. सगळ्या देशाचं मिळून स्वस्त झालं होतं. पण मी काही खाद्यतेलाची कपाटं करत नव्हतो.

भाव पुसायला पेंटरला बोलावलं. त्यानं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि लिहायला घेतले होते त्याच्या दुप्पट मागितले. "एवढे?" मी ओरडलो.

"रंगाचा डबा महागला, मालक. तुमी म्हणला होता उतरणार हाय म्हणून. मी बी वाट बघायलोय."

मग मी डोकं चालवलं. शेडच्या मागं एक जुनी ताडपत्री पडली होती. ती वरून विटा ठेवून भिंतीवर सोडली. फुकटात काम झालं. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

दोन दिवसांनी, भर दुपारी, टेम्पो येऊन थांबला. त्यातून बोरीकडचे एक मेंढरंवाले मामा उतरले. गळ्यात दस्ती, म्हणजे आमच्याकडचा रुमाल, आणि सोबत त्यांची बहीण, नवरीची आई. आले ते थेट कपाटच न्यायला. वारं सुटलं होतं. ताडपत्रीचा एक कोपरा उडून तिथून 'फक्त' तेवढं दिसत होतं. मी धावत जाऊन कोपरा हातानं दाबला आणि तसाच, भिंतीला टेकून गप्पा मारतोय असा आव आणून, उभा राहिलो.

"चौदा हजार पडतील, मामा," मी म्हणालो. "पत्रा लय चढलाय."

"भितीवर अकरा लिवलंय."

"कुठल्या भिंतीवर?"

मामांनी मोबाइल काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला. बसमधून जाताना काढलेला फोटो होता. 'फक्त' अगदी ठळक आला होता.

बहीण म्हणाली, "साखरपुड्यात हाच फोटू सगळ्याला दाखवलाय ह्यानं. उभा राहून बोललाय, भाचीला तिजोरीचं कपाट माझं. दोन एडके इकून अकरा जमवलेत. आता मांडवात कपाट दिसलं न्हाई तर नवरदेवाकडचे वालूरचे पाव्हणे काय म्हणतील? मामा बोलला अन् पळाला. माझ्या लेकीला जलमभर ऐकावं लागंल, भाऊ."

ते मलाही कळत होतं. मांडवात रिकामी राहिलेली जागा मी पाहिलेली आहे. पण तीन हजारही मला कळत होते. म्हणून मी एक हात ताडपत्रीवर ठेवून दुसऱ्या हातानं मार्ग काढू लागलो. म्हणालो, थोड्या पातळ पत्र्याचं एक तयार आहे, ते अकरात बसतं. बाई आत गेली, त्या कपाटाच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि परत आली.

"ह्यो डालड्याचा डबा हाय."

"मग आरसा काढून देतो."

"अन् लेकरानं तोंड कुठं बगावं? तुमच्या ताडपत्रीत?"

मी मामांकडं वळलो. पुरुष माणूस, व्यवहार समजेल. म्हणालो, "मामा, तुमच्या एडक्याचा भाव नाही का आठवड्याला बदलत? कारखान्याचंही तसंच असतं. वरून देशाची सरासरी..."

"बदलतो की," मामा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर आमी जनावराच्या बाजारात भाव दस्तीखाली करतो. ह्याचा हात, त्याचा हात, वर दस्ती. बोटं धरायची. किती बोटं दाबली, शेजारच्याला कळत न्हाई. उद्या भाव पडू का चढू, बोटं दाबली ती दाबली. अन् तुमी?" त्यांनी रस्त्याकडं हात केला. "बोरीपस्तोरच्या बसला वाचायला दिलाव."

तेवढ्यात माझा फोन वाजला. जालन्याचा व्यापारी. मी सवयीनं दोन्ही हात खिशाकडं नेले. ताडपत्री सुटली, वाऱ्यानं फुगली, विटा धडाधड खाली आल्या आणि ती तशीच फरफटत रस्त्यालगतच्या मोरीच्या चिखलात जाऊन पडली. फोनवर तो म्हणत होता, "शेठ, आज परत..." आणि समोर भिंतीवर, उन्हात, अकरा हजार फक्त. एकच भाव. घासाघीस करू नये.

बहीण वाचत होती. बहुतेक शेवटची ओळ दोनदा वाचली.

आतून बायको बाहेर आली. कामगाराला म्हणाली, "जाड पत्र्याचं, आरशाचं काढ. नाव टाकायला पेंटरला बोलाव." मग मामांना म्हणाली, "अकराच द्या. भिंत आमचीच आहे."

मी घाईघाईनं म्हणालो, "मी तेच म्हणणार होतो."

कोणी वळूनही पाहिलं नाही.

पेंटर आला, दारावर 'मामाकडून सप्रेम भेट' काढून गेला, आणि त्याचे पैसे नव्या भावानं माझ्याकडून घेऊन गेला. कपाट टेम्पोत चढलं. बहिणीनं आपल्या पदरानं आरसा पुसला, त्यात एकदा स्वतःकडं बघून घेतलं आणि पुढं जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावरचा घोर उतरला होता. त्या दुपारी माझ्या आवारात खरोखर उतरलेली तेवढी एकच गोष्ट.

मामा दोर आवळत होते. म्हटलं, तीन हजार गेलेच आहेत, निदान काही शिकून तरी घ्यावं. जवळ जाऊन म्हणालो, "मामा, ते दस्तीखालचं एकदा मलाही शिकवा की. पुढच्या गिऱ्हाइकाला कामाला येईल."

मामांनी गळ्यातली दस्ती काढून तोंड पुसलं. मग भिंतीकडं पाहिलं, मोरीतल्या ताडपत्रीकडं पाहिलं.

"तुमाला दस्ती पुरायची न्हाई, मालक. तुमाला ताडपत्रीच लागती. अन् ती बी तुमच्यानं धरवत न्हाई."