वंशावळीतले गोल

हसनाबादेत सोयरीक जमवायची तर आधी पुंजारामच्या ओट्यावर चहा प्यावा लागतो. कोणाच्या घरात कोड, कोणाच्या घरात फिट, कोणाचा आजा वेडाच्या भरात विहिरीत पडला, सगळं या गड्याला तोंडपाठ. दुसऱ्यांची पिसं काढून झाली की आपल्या सात पिढ्या म्हणायच्या आणि वर शेरा मारायचा, "आपलं खानदान बिलकुल साफ!" ऐकणाऱ्यानं मान हलवायची. न हलवून जातो कुठं? त्याचीही पोरगी लग्नाची असते.

अशात अप्पाराव मास्तरांची तृप्ती पुण्याहून आली. कॅन्सर कोणत्या जनुकातून घराण्यात उतरतो, हे पडद्यावर चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर बनवते पोरगी. घरातला पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्याला आजार झाला तो लाल. चित्रावर बोट ठेवलं की त्या माणसाची सगळी माहिती उघडते. तिनं पुंजारामला घराण्याची नावं विचारली आणि त्याची छाती फुगली. आपल्या विद्येला पुण्याहून मागणी आली म्हणायची!

मंग काय, मांडी ठोकून बसला. पणजा, आजा रायभान, बाप रामराव, चुलते, पुतणे. तृप्तीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोनांची रांग लागली, सगळे पांढरेशुभ्र. खाली अक्षरं उमटली, 'धोका कमी'.

"आगं ऐकलं का!" त्यानं चुलीकडं हाक मारली. "आता मशीनबी म्हणून राह्यलं, साफ!"

तृप्तीनं कपाळाला हात लावला. "काका, यात एकही बाई नाही?"

"बाया कशाला? वंशावळीत पोरी धरत न्हाईत. दिल्या घरच्या त्या."

"मग शालूताईनं तपासून घ्यावं का नाही, ते मला कसं कळणार? काकूंनी मला त्याच्यासाठीच बोलावलंय."

शालू ही त्याची एकुलती एक लेक, मंठ्याला दिलेली. तिचं नाव निघालं तसा पुंजाराम आत चुलीपाशी बसलेल्या बायकोकडं डोळे वटारून बघायला लागला. उषाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. जन्मभर ऐकून घेतलेली बाई, पण आज ऐकायला आली नव्हती.

"गिरिजावन्सं कशानं गेल्या, सांगा की तिला."

"बहीण होती, पण अंबडला दिल्ती. तिचं मरण अंबडकरांकडं."

"अन् तुमच्या आत्या, पुष्पाबाई?"

"त्या भोकरदनच्या!"

"दोघी छातीच्या गाठीनंच गेल्या ना? का सासरच्यांनी आहेरात दिल्त्या गाठी?"

पुंजारामची मान आपोआप हलली. आजवर असं कधी झालं नव्हतं. तृप्तीनं दोन गोल काढले, दोन्ही लाल. खालची अक्षरंही बदलली, 'धोका जास्त'. आत्याच्या गोलापासून निघालेली रेघ त्याच्या बापाच्या पांढऱ्या चौकोनाला भेटली आणि तिथून खाली, गिरिजाकडं आणि त्याच्याकडं.

"हे बापाकडूनही उतरतं, काका. पुरुषाला बहुतेक काही होत नाही, पण तो पुढं देऊ शकतो. तुमच्यात आलंय का, ते रक्त तपासल्यावर कळेल. शालूताईनं मात्र आत्ताच डॉक्टरला दाखवावं."

वंश बापाकडूनच चालतो, हे ज्यानं साऱ्या गावाला शिकवलं, तो पडद्याजवळ सरकला. भीती वाटली त्याला, साधी, लेकरासाठी वाटते तशी. आपल्या चौकोनाखालची रिकामी जागा बघत तो म्हणाला, "शालूला टाक तिथं." आणि स्वतःच फोन लावला.

"शालू, जल्दी दवाखान्यात जाऊन ये. छाती तपासून घे. आपल्यात... आपल्या घरात हाये ते."



"आबा, गाठ हाये मला. दिवाळीच्या आधीपासून. सासूबाई रोज म्हणायच्या, चल दाखवून येऊ. मीच भांडले त्यांच्याशी. म्हणलं, आमच्या खानदानात असलं काई न्हाई, माझे आबा साऱ्या गावाला सांगतेत."