काकूचा उजवा डोळा

परातीत मोड आलेले वाल, आणि त्यांतून सरसर फिरणारी काकूची बोटं… गडब गावच्या घराच्या पडवीत दिवाळीच्या सुट्टीतल्या सकाळी ओल्या वालांचा उग्र, हिरवट गंध भरून राहिलेला असे आणि काकू खाली न बघता डाळिंब्या सोलत शेजारणींशी हसत-बोलत असे. ही माझी थोरली काकू, साठीच्या पलीकडची. तिच्या बोटांनाच डोळे आहेत, असं मला वाटे. उजवीकडे बसून मी वाटी पुढे धरली की मात्र तिला पत्ताच नसे, आणि मी रुसून बसे.

काकांचं सारं तिच्या हातून होई — न्हाणीतलं कढत पाणी, टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल, रक्तदाबाची गोळी. मग काका हायवेवरच्या टपरीवर मित्रांत जाऊन बसत.

मी दहा वर्षांची असताना काकांचा मोतीबिंदू दाखवायला आम्ही तिघं एसटीनं पेणला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काकांची तपासणी झाली. काकू पिशवी सांभाळत उभी होती, तिलाही सिस्टरनं सहज खुर्चीत बसवलं आणि डावा डोळा झाकला.

“आजी, बोटं किती?”

“बोटं? कुठं हायत बोटं?” काकू हसली.

एकटी तीच हसली.

काचबिंदू होता. उजव्या डोळ्याची नजर केव्हाच गेली होती, ती आता परत येणार नव्हती. डावा वाचवायचा तर रोज, जन्मभर थेंब घालायला हवे होते. आणि काका… चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवले, तिच्याकडे ते परक्या बाईकडे बघावं तसे बघत राहिले.

“अगो, बोलली कशी नाय मला?”

“दुसरा व्हता ना. आनि तुमचंच आधी करायचं व्हतं.”

त्या दिवसापासून काकांची संध्याकाळची टपरी सुटली. ते स्वतः तिच्या डोळ्यात थेंब घालत. कधी गालावरच सांडत. शेजारणी चिडवत, काकू लाजे.

पाच वर्षांनी काका अचानक गेले. महिन्याभरानं मी दोन दिवसांसाठी गडबला गेले, तेव्हा फळीवर त्यांनी आणून ठेवलेल्या तीन बाटल्या होत्या… तिन्हींची सीलं शाबूत.

“काकू, थेंब?”

“त्यांना बरं वाटायचं गो… म्हनून मी घालून घेत व्हते.”

मी तिथंच एक सील तोडलं. काकूनं मुकाट्यानं मान वर केली, लहान मुलीसारखी. त्या दोन दिवसांत मी एकही वेळ चुकवली नाही. पण सोमवारी माझी शाळा होती.

दोन वर्षांत डावाही डोळा गेला. शेजारणी तिला हाताला धरून देवळात नेत, तीही त्यांच्यात रमे. मला आजही आठवते ती फक्त तिची वर केलेली मान — कुणीतरी सांगितलं म्हणून, कुणाला तरी बरं वाटावं म्हणून…