सीटखालचा भंडारा

लेखणी फार उशिरा हाती घेतली आहे, तेव्हा वाक्यरचनेतील उणिवा वाचकांनी सांभाळून घ्याव्यात. मात्र ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि तिच्यातील माणसांविषयीची कृतज्ञता कुठेतरी नोंदवावी असे वाटते. नावे अर्थातच टाळतो.

त्या वेळी मी इंदापूर तालुक्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना निमगाव केतकीकडील एक बागायतदार बाई दिरांसह आल्या. त्यांनी नुकताच एका दलालाकडून जुना ट्रॅक्टर घेतला होता. थंड इंजिन चटकन सुरू होते का, धूर काळा येतो का, लिफ्ट ओझे धरून ठेवते का, सारे पारखून घेतले होते. कागदपत्रेही मिळाली होती.

"साहेब, ट्रॅक्टर गुणाचा हाय, पर चोरीचा वाटतोय," बाई म्हणाल्या. फाटकी सीट बदलताना त्यांना खाली पिवळ्या फडक्यातील खंडोबाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी सापडली होती.

दीर वैतागले होते. "वहिनी, ट्रॅक्टर इंजिन बघून घेत्यात का सीटखाली वाकून?"

"आवो भावजी, इकणारा आदी देव उतरवून घेतो, मग किल्ली देतो. ह्यो उतरवलाच न्हाय. म्हंजी मालकानं इकलाच न्हाय."

चोरीचा ठरल्यास ट्रॅक्टर जप्त होईल, हे मी स्पष्ट सांगितले. कांद्याची लागवड तोंडावर होती. तरी बाई मागे हटल्या नाहीत.

"व्हय, ठावं हाय. पर दुसऱ्याचा देव घिऊन रान कसं नांगरू?"

ठाणे दैनंदिनीत नोंद करून तपासणी केली. चासी क्रमांकाची जागा घासलेली होती. शेजारच्या ठाण्यांकडे विचारणा करता लोणी भापकर भागातील ट्रॅक्टरचोरीची एक फिर्याद जुळली. फिर्यादीचे कुटुंब पूर्वी मेंढ्या राखणारे. ट्रॅक्टर न दाखवता मी त्याला खूण विचारली.

"सीटखाली भंडारा हाय, साहेब. काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं बांधलाय. दोरा आमच्या आयनं वळलाय."

पुरचुंडीचा दोरा काळ्या लोकरीचाच होता.

विकणारा दलाल चौकशीत दाद देईना. शेवटी मी पुरचुंडी टेबलावर ठेवली. "रंग बदललास, नंबर घासलास. मग ही का ठेवलीस?"

त्याचे हात आपोआप जोडले गेले. "खंडोबा हाय त्यो, साहेब. हात लावाया धजावलो न्हाय." त्यानंतर त्याने काही लपवले नाही. बाईंची बरीचशी रक्कमही त्याच्याकडून जप्त झाली.

न्यायालयाच्या आदेशाने ट्रॅक्टर पुरचुंडीसह सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत न विकण्याच्या हमीवर, मूळ मालकाला मिळाला. तो घेऊन हा गृहस्थ घरी न जाता थेट बाईंच्या शेतावर गेला. "ताई, डिझेल माझं. रान कुठं हाय, तेवढं दावा."

सेवेत खबर देणारे पुष्कळ भेटले. बहुतेकांना त्यातून काही मिळवायचे असे. आपलेच जाणार हे ठाऊक असून खबर देणाऱ्या त्या एकट्याच. माणसाच्या सचोटीवर माझा विश्वास टिकला, त्याचे श्रेय मी त्यांना देतो.

खटला संपल्यावर मालकाने नवा ट्रॅक्टर घेतला आणि जुना रीतसर बाईंना विकला. आग्रहाचे बोलावणे आल्याने मीही गेलो होतो. किल्ली देण्यापूर्वी त्याने सीट उचलली, पुरचुंडी सोडवून कपाळाला लावली आणि खिशात ठेवली.

बाई दिरांकडे वळून म्हणाल्या, "बगितलं का, भावजी? आता झाली इक्री."