मेंढ्यांच्या औषधाची बाटली

माझ्या धाकट्या भावाचा पाय का गेला, याविषयी आमच्या गोदाकाठच्या गावात जे सांगितले जाते ते खोटे आहे. थोरली बहीण म्हणते, देवीला कबूल केलेला बोकड राहिला म्हणून गेला. पारावरची मंडळी म्हणतात, जालन्याच्या डॉक्टरांनी चांगला पाय कापला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तर मलाच जबाबदार धरतो. मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

आमचे घराणे मेंढपाळांचे. मी शिकलो, शिक्षक झालो, शहागडजवळच्या शाळेतून निवृत्त झालो. भावाने काठी सोडली नाही. शुगर त्याला बऱ्याच वर्षांपासून होती आणि तळपायांची जाणीव हळूहळू नाहीशी झाली होती. एका हिवाळ्यात वेड्या बाभळीचा काटा वहाणेतून आरपार जाऊन तळव्यात मोडला, तरी हा गृहस्थ दिवसभर त्याच पायाने कळपामागे फिरला. संध्याकाळी भावजयीला उंबऱ्यावर रक्त दिसले. तिला वाटले, एखाद्या मेंढीचे असेल.

येथवर गावाचे आणि माझे एकमत आहे. पुढचे गाव सांगत नाही, कारण ते घरोघरी चालते.

मेंढीचे खूर सडले, की आमच्याकडे जनावरांच्या डॉक्टरची वाट कोणी पाहत नाही. औषधाची बाटली आणि सुई घरातच असते. मेंढी लंगडायची थांबली की सुईही थांबते; उरलेले औषध पुढच्या मेंढीसाठी. भावाने हाच कायदा स्वतःला लावला. तेच औषध स्वतःच्या मांडीत टोचले, कॅप्सूल फोडून भुकटी जखमेत भरली आणि पू आटताच सारे बंद केले. काही आठवड्यांनी पुन्हा पू, पुन्हा बाटली. मग मेडिकलमधून मागून आणलेल्या दुसऱ्या गोळ्या, त्याही अर्धवट.

मी भेटायला गेलो तेव्हा वास अंगणापर्यंत येत होता.

"हे मेंढरांचं औषध आहे," मी म्हणालो.

"मंग? मेंढरू काय लाकडाचं असतंय, दादा? त्याला बी रगत-मासच हाय."

"तुला शुगर आहे. मेंढीला नाही."

"ते च्या पेत न्हाई म्हणून."

भावजय हसली. मी हसलो नाही. जालन्याला चल म्हणालो, तेव्हा त्याने पाय गोधडीखाली ओढून घेतला. "शाळा सुटली तुझी, पर छडी न्हाई सुटली. माझा पाय मी बघून राह्यलो ना बराबर."

अखेर पुतण्याने आणि मी त्याला जालन्याला नेले, तेव्हा दोन बोटे काळी पडली होती आणि सूज पोटरीपर्यंत चढली होती. डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. तपासणीचा अहवाल आल्यावर त्यांनी मला आणि पुतण्याला बाहेरच्या बाकावर बसवले.

"गुरुजी, नेहमीची औषधं या जंतूंवर चालत नाहीत. एखादंच उरलंय, तेही किडनीला जड. विष अंगभर पसरतंय. गुडघ्याखाली पाय काढला, तर माणूस वाचण्याची आशा आहे."

"आजवर घेतलेलं औषध कमी पडलं का?"

"कमी, चुकीचं, आणि पुन्हा पुन्हा. कमजोर जंतू मेले. दमदार उरले, त्यांचीच वस्ती वाढली."

पुतण्या म्हणाला, "तात्या, चार रोज थांबू. पायाबिगर आबा मेंढरामागं कसे जातील?"

आत भाऊ तापाच्या ग्लानीत मेंढ्यांना हाळ्या घालत होता. पुतण्याने सहीसाठी पेन हातात घेतले नाही. मी घेतले.

याला पुतण्या आज घाई म्हणतो. मी म्हणू देणार नाही. घाई करायचीच होती, तर ती काटा मोडला त्या आठवड्यात करायची होती; ती आम्ही सगळ्यांनी मिळून टाळली. पाय चांगला होता म्हणणाऱ्या पारावरच्या एकानेही तो उघडा पाहिला नव्हता. आणि बोकडाचे म्हणाल, तर तो ऑपरेशननंतर कापला. त्याचे मटण गावाने खाल्ले आणि जखम त्यानंतरही वाहतच राहिली.

कळप विकावा लागला. बदनापूरकडचा एक तरुण मेंढपाळ घ्यायला आला, त्या सकाळी भाऊ अंगणात बाजेवर बसून होता. मेंढ्या समोरून हाकल्या जात असताना त्याने एकाही मेंढीकडे पाहिले नाही. मग बायकोला कोनाड्यातली बाटली आणि सुई आणायला सांगितली.

"हे बी घेऊन जा," तो त्या तरुणाला म्हणाला. "लंगडलं की टोचायचं. चालाया लागलं की बस. उगं दवाई वाया घालू न्हाई."

"द्यायचं तर डॉक्टर सांगेल तितकं पूर्ण द्यायचं," मी मध्ये पडलो. "आणि स्वतःच्या अंगाला हे कधी लावायचं नाही. याच्याकडे बघ."

तरुणाने भावाच्या फडके गुंडाळलेल्या गुडघ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे आमचे दादा. गुरुजी हायेत," भाऊ त्या तरुणाला म्हणाला. "त्यांनी मेंढरं कधी राखली न्हाईत."

मी राखली होती. शाळेत जाऊ लागेपर्यंत याच नदीकाठाने राखली होती, आणि तसे मी त्या दोघांना ऐकू जाईल असे सांगितले. तरुण मान डोलावून हसला. बाटली तोवर त्याच्या खिशात गेली होती.